वारंवार दुखापत होणाऱ्या स्टार्टर पिचरला बुलपेनमध्ये कसे न्यावे

इंदूरमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या बहुतेक संघांकडे खऱ्या अर्थाने चांगला म्हणावा असा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू) एखादाच असतो, आणि नेमक्या त्याच कारणाने संघात सर्वांत आधी हात निकामी होतो तो त्याचाच. सामना महत्त्वाचा असला की सुरुवात तोच करतो, शेवटपर्यंत तोच टाकतो आणि दोन-तीन हंगामांत खांदा किंवा कोपर धरून बसतो. पुढच्या वर्षी तो परततो, थोडे सामने टाकतो आणि पुन्हा बाहेर पडतो. अशा वेळी त्याला स्टार्टर म्हणून, म्हणजे सामन्याची सुरुवात करायला, न खेळवता बुलपेनमधून (राखीव पिचर जिथे तयार होतात त्या जागेतून), म्हणजे सामन्याच्या उत्तरार्धात नऊपैकी एखाद-दोन इनिंगपुरते, आणावे असा विचार प्रशिक्षकाच्या मनात येतो. हा पर्याय योग्य ठरू शकतो; मात्र बुलपेनमध्ये काम कमी असते या समजुतीने तो निवडला जात असेल, तर ती समजूत अपुरी आहे. एका दिवसातले चेंडू कमी होतात हे खरे, पण प्रत्येक चेंडूमागचा जोर वाढतो, विश्रांतीचे दिवस अनियमित होतात आणि स्कोअरशीटवर कधीच न उमटणाऱ्या फेकींची संख्या वाढते. हा नवा हिशेब रोज लिहून ठेवणारा कोणी संघात असेल तरच हा बदल हाती घ्यावा.

आधी दुखण्याचे वेळापत्रक पाहावे

निर्णय घेण्यापूर्वी पिचरला कुठे दुखते याइतकेच केव्हा दुखते हे समजून घेतले पाहिजे. पहिल्या तीन इनिंग सुरळीत जातात, त्यानंतर वेग उतरतो, चेंडू उंच जाऊ लागतात, कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड वाटतो, असा क्रम असेल तर दुखापतीचे मूळ थकव्यात आहे. अशा पिचरला बुलपेनचा लाभ होण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण जिथून त्याची फेक बिघडू लागते तिथपर्यंत आपण त्याला जाऊच देत नाही. याउलट पहिल्याच फेकीला कोपराच्या आतल्या बाजूस कळ येत असेल, अनामिका आणि करंगळी बधिर होत असेल, किंवा हात डोक्यावर नेताना खांद्यात अडकल्यासारखे वाटत असेल, तर भूमिका बदलून काही साधणार नाही. तो प्रश्न अस्थिरोगतज्ज्ञाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मुलाने चेंडू हातात धरू नये.

तिसऱ्या प्रकारच्या पिचरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याला कुठेही तीव्र वेदना नसते, पण अंग मोकळे व्हायलाच फार वेळ लागतो. पाठ किंवा कंबर आखडलेली असते आणि अर्धा तास हळूहळू फेकल्यावरच त्याचा हात चालू लागतो. स्टार्टरला असा अर्धा तास मिळतो, रिलीव्हरला (बुलपेनमधून येणाऱ्या पिचरला) मिळत नाही. अशा पिचरला बुलपेनमध्ये पाठवणे म्हणजे थंड अंगाने पूर्ण जोर लावायला सांगणे होय. त्याच्यासाठी स्टार्टरचीच भूमिका ठेवून चेंडूंची मर्यादा ६० च्या आसपास आणावी, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००६ साली किशोरवयीन पिचरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या पिचरांची निरोगी पिचरांशी तुलना केली असता, हात थकलेला असतानाही नियमितपणे पिचिंग करणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता ३६ पट, तर वर्षातून ८ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांमध्ये सुमारे ५ पट अधिक आढळली. दुखापत झालेल्यांमध्ये स्टार्टरचे प्रमाण जास्त होते आणि सामन्यापूर्वी ते अधिक चेंडू टाकत असत, अशीही नोंद त्यात आहे. आपल्या दृष्टीने यातील शेवटची बाब मोलाची आहे, कारण सामन्याआधीची आणि सामन्याबाहेरची फेक आपल्याकडे कोणीच मोजत नाही.

बुलपेनला साजेशी कौशल्ये आहेत का

स्टार्टरला एकाच बॅटरसमोर एका सामन्यात तीन वेळा उभे राहावे लागते, म्हणून त्याच्याकडे किमान तीन प्रकारचे चेंडू असावे लागतात. रिलीव्हरचे दोनांत भागते. फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) भरवशाचे आहेत, पण चेंज-अप (फसवा संथ चेंडू) कधी जमतो आणि कधी जमत नाही, असा पिचर बुलपेनमध्ये एकदम मोठा वाटू लागतो. मात्र त्याच्या जुन्या सामन्यांतील पहिली इनिंग तेवढी वेगळी काढून पाहावी. पहिल्या इनिंगमध्ये तो सातत्याने वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) देत असेल आणि दुसरीपासून स्थिरावत असेल, तर बुलपेनमध्ये तो प्रत्येक वेळी फक्त पहिली इनिंगच टाकणार आहे, हे लक्षात घ्यावे.

पिचरशी आणि घरच्यांशी बोलणे

आपल्या संघांमध्ये स्टार्टर असणे हा मानाचा विषय असतो. बुलपेनमध्ये धाडले म्हणजे पायउतार केले, अशी भावना मुलात आणि कित्येकदा त्याच्या घरच्यांतही निर्माण होते. हे बोलणे मैदानावर सर्वांसमोर, पराभवानंतर किंवा फोनवर करू नये. मुलाला बाजूला बसवून त्याच्या नोंदी दाखवाव्यात आणि सरळ सांगावे: ‘चौथ्या इनिंगनंतर तुझा हात खाली येतो, हे तुलाही ठाऊक आहे. तुला पूर्ण हंगाम खेळताना पाहायचे आहे, म्हणून सहा आठवडे आपण वेगळ्या पद्धतीने काम करू. मधल्या काळात तू म्हणशील तेव्हा थांबू.’ रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या एखाद्या घरी जाऊन काका-काकूंना समजावण्याची वेळ आली, तर त्यांना सामन्यांपेक्षा उपचारांच्या खर्चाची आणि परीक्षेच्या तारखांची काळजी अधिक असते. तेव्हा योजना कागदावर लिहून न्यावी आणि आठवड्याला किती दिवस फेक होणार हे त्यावर स्पष्ट असावे.

उदाहरण द्यायचे झाल्यास जॉन स्मोल्ट्झचे द्यावे. अटलांटा ब्रेव्ह्जच्या या नामांकित स्टार्टरच्या कोपरावर २००० साली टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा फाटलेला अस्थिबंध बदलण्याची) झाली आणि तो संपूर्ण हंगाम बुडाला. २००१ मध्ये स्टार्टर म्हणून परतल्यावर कोपराने पुन्हा त्रास दिला, तेव्हा त्याला बुलपेनमध्ये आणण्यात आले. २००२ मध्ये त्याने ५५ सेव्ह (शेवटी येऊन संघाची आघाडी राखलेले सामने) नोंदवले. केरी वूडचेही उदाहरण सांगावे, पण पूर्ण सांगावे. १९९८ साली वयाच्या विसाव्या वर्षी एका सामन्यात २० बॅटर बाद करणारा हा पिचर पुढे कोपर आणि खांदा यांनी जेरीस आला. २००७ मध्ये तो शिकागो कब्जच्या बुलपेनमध्ये परतला आणि २००८ मध्ये त्याने ३४ सेव्ह घेतले. तरीही त्याचा खांदा कायमचा बरा झाला नाही आणि २०१२ मध्ये त्याने खेळ सोडला. बुलपेनने त्याला आणखी काही वर्षे मिळवून दिली, आणि अशा निर्णयाकडून रास्तपणे एवढीच अपेक्षा ठेवता येते.

सहा आठवड्यांची योजना

पहिले दोन आठवडे सामना टाळावा. या काळात पिचरने आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक दिवस, माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) प्रत्येकी २० ते २५ चेंडू टाकावेत. त्यांतील पहिल्या आठवड्याचे चेंडू तीन-चतुर्थांश जोराने असावेत. लांब बसून मग थोड्या वेळात तयार होण्याची सवय शरीराला लावणे हा या टप्प्याचा उद्देश आहे. म्हणून सराव सुरू होताच त्याला फेकू देऊ नये. इतरांचा सराव चालू असताना त्याने तासभर बसावे, मधून-मधून उठून चालावे, रबर बँडने खांद्याचे व्यायाम करावेत आणि सांगितल्यानंतर आठ-दहा मिनिटांत तयार व्हावे.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सराव सामन्यांत आणावे, पण नेहमी नव्या इनिंगच्या प्रारंभी, बेसवर कोणी धावपटू नसताना. बेस भरलेले असताना आणले की मुलगा पहिल्याच चेंडूला सर्वस्व पणाला लावतो, आणि नव्याने बसवलेली लय तिथेच मोडते. एका वेळी एक इनिंग किंवा २० चेंडू, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथे थांबावे, आणि त्यानंतर दोन पूर्ण दिवस विश्रांती द्यावी. पाचव्या आठवड्यात एकाच दिवसाच्या अंतराने दोनदा टाकून पाहावे. लागोपाठच्या दोन दिवसांची चाचणी सहाव्या आठवड्यात, तीही एकदाच घ्यावी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्टकडून खांदा आतल्या व बाहेरच्या बाजूस किती वळतो हे मोजून घ्यावे. बदल सुरू होण्यापूर्वीचे माप हाताशी नसेल तर या मोजमापाला अर्थ राहत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेले असावे. फेकणाऱ्या हाताचे आतल्या बाजूचे वळणे पहिल्या मापापेक्षा स्पष्टपणे कमी झालेले दिसले, तर ते पूर्ववत होईपर्यंत पुढची फेक थांबवावी.

न दिसणाऱ्या फेकींचा हिशेब

या साऱ्या प्रकरणात प्रशिक्षक सर्वाधिक चुकतात ते इथे. पाचव्या इनिंगमध्ये स्टार्टर अडचणीत येतो, म्हणून प्रशिक्षक रिलीव्हरला उठवतो. तो पंधरा-वीस चेंडू टाकून तयार होतो, स्टार्टर सुटतो, रिलीव्हर खाली बसतो. सहाव्या इनिंगमध्ये पुन्हा तेच घडते. सातव्यात तो अखेर माउंडवर येतो, नियमानुसार मिळणारे सरावाचे चेंडू टाकतो आणि मग १८ चेंडूंत इनिंग संपवतो. स्कोअरशीटवर १८ लिहिले जाते, हातातून मात्र साठच्या वर चेंडू गेलेले असतात आणि त्यांत दोनदा थंड होऊन पुन्हा तापणे समाविष्ट असते. स्टार्टर म्हणून तो याहून फार वेगळे काम करत नव्हता. ज्या दिवशी तो उठून तयार झाला आणि सामन्यात आलाच नाही, त्या दिवसाची तर कुठेच नोंद नसते.

यासाठी नियम साधे आणि कठोर असावेत. एका सामन्यात त्याला एकदाच उठवायचे. उठवले, तयार झाला आणि खाली बसवला, तर त्या दिवसाचे त्याचे काम संपले असे धरायचे. अगदी अपवाद म्हणून आणखी एकदा उठवावे लागले, तर मग तो सामन्यात यायलाच हवा. बुलपेनमध्ये कॅचरने (पिचरचे चेंडू झेलणाऱ्याने) पूर्ण जोराचे चेंडू मोजून इनिंगच्या शेवटी स्कोअररला सांगावेत, आणि विश्रांतीचे दिवस ठरवताना ते सामन्यातल्या चेंडूंत मिळवावेत. हे काम एखाद्या राखीव खेळाडूकडे द्यावे आणि त्याच्या हाती वही-पेन असावे. प्रशिक्षकाच्या स्मरणशक्तीवर ते सोडू नये, कारण सातव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना प्रशिक्षकाला सोयीचे तेवढेच आठवते.

विश्रांतीच्या दिवसांसाठी मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ पासून प्रसृत केलेली पिच स्मार्ट ही मार्गदर्शक चौकट उपयोगी पडते. १९ ते २२ वर्षे वयोगटासाठी ३० चेंडूंपर्यंत सक्तीची विश्रांती नाही; ३१ ते ४५ चेंडूंनंतर एक दिवस, ४६ ते ६० नंतर दोन, ६१ ते ८० नंतर तीन, ८१ ते १०५ नंतर चार आणि त्यापुढे पाच दिवस विश्रांती सुचवलेली आहे. ही चौकट सामन्यातील चेंडूंची असून निरोगी हातासाठी आहे. एकदा जायबंदी झालेल्या पिचरसाठी मी एक पायरी वरची विश्रांती धरतो: ३० च्या आत टाकले तरी एक दिवस, पंचेचाळिसापर्यंत टाकले तर दोन. लागोपाठ दोन दिवस फक्त सहाव्या आठवड्यातल्या त्या चाचणीपुरते, आणि लागोपाठ तीन दिवस कोणत्याही परिस्थितीत नाही.

बाद पद्धतीच्या स्पर्धा आणि रविवारचे क्रिकेट

वरची चौकट अमेरिकेतल्या वेळापत्रकावर बेतलेली आहे. आपल्याकडे राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरची स्पर्धा चार-पाच दिवसांत उरकते आणि रोज एक सामना असतो, क्वचित दोनही. अशा स्पर्धेत स्टार्टरला एकदा टाकल्यावर सक्तीने बसवावे लागते, पण रिलीव्हरला ‘एकच इनिंग तर आहे’ म्हणत रोज उभे केले जाते. म्हणजे ज्या बदलाने हात वाचवायचा, तोच स्पर्धेच्या दिवसांत हात घालवतो. यावर माझ्या मते एकच उपाय आहे: सामन्यांचे वेळापत्रक हाती येताच त्याचे दिवस आधीच ठरवून लिहून टाकावेत. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिला आणि तिसरा दिवस, किंवा दुसरा आणि चौथा. उपांत्य सामना त्याच्या विश्रांतीच्या दिवशी आला, तर तो सामना दुसऱ्या पिचरच्या भरवशावर खेळावा. ही वही व्यवस्थापकाकडेही द्यावी, म्हणजे ऐनवेळी प्रशिक्षकाला अडवणारे कोणी तरी राहील.

फेकीच्या दिवशी त्याला नंतर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी) किंवा कॅचर म्हणून उभे करू नये. विशेषतः कॅचरची जागा टाळावी, कारण पिचरखालोखाल सर्वाधिक फेक कॅचरच करतो. आपल्याकडचे बरेच पिचर क्रिकेटमधून किंवा भालाफेकीतून आलेले असतात. २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघेही मूळचे भालाफेकपटूच. अशा मुलांचा हात दणकट असतो, पण माउंडवरून वर्षानुवर्षे टाकण्याची पूर्वतयारी त्याच्यामागे नसते. शिवाय रविवारी सकाळी टेनिस बॉल क्रिकेटमध्ये चार षटके टाकून आलेला पिचर संध्याकाळी ‘आज माझा हात मोकळा आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो, कारण क्रिकेट तो मोजतच नाही. त्याला खोटे ठरवण्यापेक्षा वहीत क्रिकेटचा रकाना आखून द्यावा. ज्या दिवशी गोलंदाजी केली, त्या दिवशी माउंडवर जायचे नाही.

मैदान आणि हवामान

इंदूरमध्ये बहुतेक वेळा क्रिकेटच्याच मैदानावर बेसबॉलची आखणी करावी लागते आणि बुलपेन म्हणून सीमारेषेजवळचा सपाट तुकडा मिळतो. सपाट जमिनीवर तयार होऊन १० इंच उंच माउंडवर गेल्यास पुढचा पाय अपेक्षेपेक्षा उशिरा टेकतो आणि धड पुढे गेले तरी हात मागे राहतो. त्याचा ताण कोपरावर येतो. नियमानुसार माउंडचा उतार रबर पट्टीच्या ६ इंच पुढून सुरू होतो आणि दर फुटाला एक इंच या प्रमाणात उतरत जातो. लाकडी फळ्यांचा तसाच उतार स्थानिक सुताराकडून करून घेऊन त्यावर जाड मॅट ठोकली, तर कोणत्याही मैदानावर उचलून नेता येतो. मातीचा करायचाच असेल तर माळव्याच्या काळ्या मातीवर विसंबू नये. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पुढच्या पायाखाली खड्डा पडतो. त्याखाली मुरुमाचा थर दाबून बसवावा.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा तयारीचा वेळ वाढवावा, पण चेंडूंची संख्या वाढवू नये. वाढीव वेळ धावण्यात आणि बँडच्या व्यायामात घालवावा. बसून असताना फेकणाऱ्या हातावर पूर्ण बाहीचे जाकीट असावे. मे महिन्यातले दुपारचे सामने शक्य असतील तर नाकारावेत.

केव्हा थांबवावे, केव्हा परत न्यावे

चेंडू उंच जाऊ लागणे, दोन चेंडूंमधला वेळ वाढणे, खांदा वारंवार फिरवून पाहणे, आणि फास्टबॉलच्या मागणीला मान हलवून नकार देणे ही थकव्याची चिन्हे आहेत. स्पीड गन असेल तर नेहमीच्या वेगापेक्षा ताशी ३ किलोमीटरहून अधिक घट ओळीने तीन-चार चेंडूंवर दिसताच बदल करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दंडाच्या स्नायूंत दुखले तर ते श्रमाचे दुखणे असते. सांध्यात, विशेषतः कोपराच्या आतल्या बाजूस दुखले तर त्या आठवड्यात पुन्हा टाकू नये.

हंगाम सुखरूप पार पडला की पिचर स्वतःच विचारतो, ‘सर, आता पुन्हा सुरुवात करू का?’ स्मोल्ट्झ २००५ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, पुन्हा स्टार्टर झाला आणि त्या हंगामात त्याने २०० हून अधिक इनिंग टाकल्या, त्यामुळे हा प्रश्न वेडगळ नाही. पण त्याचा तो बदल दोन हंगामांच्या मधल्या काळात झाला होता. न्यूयॉर्क यांकीजच्या जोबा चेंबरलेनला २००८ मध्ये हंगाम चालू असतानाच बुलपेनमधून स्टार्टर करण्यात आले. ऑगस्टमध्ये खांदा दुखावला, २००९ मध्ये तो स्टार्टर राहिला, २०१० मध्ये पुन्हा बुलपेनमध्ये गेला आणि २०११ मध्ये त्याची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. भूमिकाबदल आणि दुखापत या दोन गोष्टींचा थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल, तरी एकाच हंगामात भूमिका पालटू नये इतका बोध त्यातून घेता येतो.

म्हणून परतीची तयारी पावसाळ्यात सुरू करावी. मैदान बंद असताना दोन ते तीन महिने हात पूर्ण थांबवावा, नंतर महिनाभर सपाट जमिनीवर फेक वाढवावी, आणि माउंडवर आल्यावर ३० चेंडूंपासून दर आठवड्याला १० ते १५ चेंडूंनी चढत ७५ पर्यंत जावे. या चढणीत दोनदा हात जड झाला, तर पंचेचाळिसावर थांबून त्याला दोन-तीन इनिंग टाकणारा रिलीव्हर म्हणूनच ठेवावे आणि स्टार्टरची जागा हंगाम सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्या मुलाला देऊन टाकावी.